मधपेटीतले माइट आणि इतर परजीवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला आणि पेट्या उघडायला लागल्या की संदेश सुरू होतात. चौकटीचा हललेला फोटो, त्यावर बोटाने काढलेला लाल गोल आणि खाली एकच ओळ : "दादा, हे काय आहे?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सातेरी (आपली देशी पाळीव माशी) आणि मेलिफेरा (बाहेरून आणलेली युरोपीय माशी) यांचं उत्तर जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे, कारण निम्मा घोळ एकीचा इलाज दुसरीवर केल्यामुळे होतो.

१. परजीवी म्हणजे नेमकं काय धरायचं? मेणकिडा, मुंग्या, वेडा राघू हे पण त्यातच येतात का?

नाही. वेडा राघू माशी धरून खातो, मुंग्या मध लुटतात, मेणकिडा पोळं खातो. हे सगळे शत्रू आहेत, पण परजीवी नाहीत. परजीवी माशीच्या अंगावर किंवा अंगात राहून तिच्यावर जगतो आणि सहसा तिला लगेच मारत नाही. आपल्याकडे चार नावं लक्षात ठेवली की पुरे : व्हरोआ, ट्रोपिलेलॅप्स, श्वासनलिकेतला माइट आणि नोसेमा. पहिले तीन कोळ्याच्या कुळातले. पुस्तकात त्यांना परजीवी कोळी म्हणतात, बोलताना आपण माइट म्हणतो, काही जुने मधपाळ सरळ गोचीड म्हणतात. चौथा, नोसेमा, हा माशीच्या पोटात वाढणारा सूक्ष्मजीव आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मेणकिड्यासाठी प्रश्न १८ पाहा.

२. व्हरोआ दिसतो कसा? माझ्या माशीच्या पाठीवर तांबडा ठिपका आहे, तोच का?

मादी साधारण १.१ मिलिमीटर लांब आणि १.६ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे लांबीपेक्षा रुंदी जास्त. तांबूस तपकिरी, चपटी, वरून गुळगुळीत. चिमुकला खेकडा डोळ्यांसमोर आणा, आडवा पसरलेला. ठिपका लांबट असेल तर तो व्हरोआ नव्हे.

पाठीवर दिसला तर दिसला, पण बहुतेक वेळा तो माशीच्या पोटाखाली दोन पट्ट्यांच्या फटीत घुसून बसलेला असतो. म्हणून "चौकटी पाहिल्या, एकही दिसला नाही" याला काही अर्थ नाही. वरून दहा दिसतात तेव्हा पेटी आधीच गेलेली असते.

नावाचंही सांगून टाकतो. १९०४ मध्ये औडेमान्स यांनी जावा बेटावरच्या आशियाई माशीवर हा माइट नोंदवला आणि नाव ठेवलं व्हरोआ जेकबसोनी. पुढची जवळजवळ शंभर वर्षं सगळीकडे हेच नाव चाललं. २००० मध्ये अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवून दिलं की मेलिफेराचा जगभर नाश करणारी जात वेगळीच आहे. तिला त्यांनी व्हरोआ डिस्ट्रक्टर म्हटलं. जुन्या पुस्तिकेत जेकबसोनी वाचलं असेल तर गोंधळू नका.

३. माइट माशीचं रक्त पितो ना? एवढ्याशा किड्याने पेटी मरते कशी?

अनेक वर्षं आपण सगळे असंच सांगत आलो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते बदललं : प्रौढ माशीवर बसलेला व्हरोआ मुख्यतः तिचा मेदपिंड खातो. मेदपिंड म्हणजे आपल्या यकृताचं आणि अंगावरच्या चरबीचं काम एकत्र करणारा अवयव. तिथे अन्न साठतं, तिथेच विषं निकामी होतात, रोगप्रतिकारही तिथूनच चालतो. तोच कुरतडला गेला की माशी उपासमारीत टिकत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हाच उपासाचा काळ, म्हणून माइट असलेल्या पेट्या नेमक्या पावसाळ्यात बसतात आणि दोष पावसाला जातो.

दुसरं नुकसान विषाणूचं. माशीला टोचताना माइट एकीचे विषाणू दुसरीच्या अंगात सोडतो. त्यातला सर्वांत ओळखीचा म्हणजे पंख विकृत करणारा विषाणू (प्रश्न ९).

४. अंगावर इतके कमी दिसतात, मग वाढतात कुठे?

झाकणाखाली. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, औषधाचं पुढचं सगळं गणित हिच्यावर चालतं.

मेलिफेराच्या अळीचं घर बंद व्हायच्या जरा आधी व्हरोआची मादी आत शिरते आणि अळीच्या खाद्यात बुडून लपते. कामकऱ्या वरून मेणाचं झाकण लावतात. झाकण लागल्यावर साधारण ६० ते ७० तासांनी ती पहिलं अंडं घालते. त्यातून नर निघतो. मग सुमारे ३० तासांच्या अंतराने एकेक मादीचं अंडं. भाऊ-बहिणींचं मीलन त्या बंद घरातच होतं. माशी बाहेर पडते तेव्हा आई आणि पूर्ण वाढलेल्या लेकी तिच्यासोबत बाहेर येतात. नर आणि अर्धवट वाढलेली पिल्लं आतच मरतात.

कामकरीचं घर साधारण १२ दिवस बंद असतं, तेवढ्यात एखाद-दुसरी लेक तयार होते. नराचं घर दोन-तीन दिवस जास्त बंद राहतं, त्यामुळे तिथे जास्त लेकी पुऱ्या होतात. म्हणून व्हरोआ नराची घरं कामकरीच्या घरांपेक्षा आठेक पटीने जास्त पसंत करतो. पेटीत पिल्लं चालू असताना निम्म्याहून जास्त माइट झाकणाआड असतात. वरून केलेला धूर, भुकटी किंवा फवारा त्यांना शिवतही नाही.

५. सातेरीला माइट लागत नाही असं ऐकलंय. खरं का?

लागतो, पण मारत नाही. सातेरी आणि तिच्या आशियाई बहिणी हेच व्हरोआचं मूळ घर. हजारो वर्षांच्या सहवासात दोघांत एक तडजोड झाली आहे. सातेरीच्या पेटीत व्हरोआची पैदास जवळपास फक्त नरांच्या घरांत होते, आणि नर वर्षातले थोडेच महिने असतात. कामकरीच्या घरात माइट शिरलाच तर ते पिल्लू लवकर मरतं, कामकऱ्या ते उपसून बाहेर टाकतात आणि माइटचा वंश तिथेच खुंटतो. पिल्लू कणखर नाही हेच वसाहतीला वाचवतं. नराच्या घरात फार माइट झाले तर अशक्त नराला झाकण फोडता येत नाही आणि माशा ते घर तसंच बुजवून टाकतात, आतल्या माइटांसकट. शिवाय सातेरी अंग झाडते, एकमेकींच्या अंगावरचे माइट उपटते.

मेलिफेरा आपल्याकडे १९६० च्या दशकात पंजाबात स्थिरावली. तिला ही विद्या अवगत नाही. तेव्हा सातेरीच्या पेटीत सहा महिन्यांनी माइटच्या औषधाच्या पट्ट्या टांगण्याचा खर्च करू नका. सातेरीचा खरा वैरी प्रश्न १४ मध्ये आहे.

६. सातेरीच्या नरांच्या बंद घरांना मधोमध बारीक भोक आहे. माइटने पाडलं ना?

नाही हो. दर वर्षी किमान दहा जण हा फोटो पाठवतात. ते भोक निसर्गानेच ठेवलेलं असतं. सातेरीच्या नराच्या घराचं झाकण टोकदार, कडक होतं आणि टोकाला टाचणीच्या अग्राएवढं छिद्र असतं. सगळ्या घरांवर, एकसारखं, बरोबर मध्यावर. पोळ्याच्या खालच्या कडेला अशा घरांची रांग दिसली की खुशाल हसा, वसाहत जोमात आहे.

मेलिफेरात मात्र असं भोक नसतं. तिच्या बंद घरांवर वेडीवाकडी, कडा कुरतडलेली भोकं दिसली तर प्रश्न १० वाचा.

७. मग मोजायचं कसं? लॅबमध्ये पाठवावं लागतं का?

घरच्या घरी होतं, पिठीसाखरेने. हे मेलिफेरासाठी.

काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या. झाकणाची मधली चकती कापून तिथे तारेची जाळी बसवा, इतकी की माइट पडेल पण माशी नाही. पिल्लं असलेली चौकट उचला आणि *आधी राणी शोधा*. ती त्या चौकटीवर नाही याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नका. चौकट ट्रेवर झटका, पडलेल्या माशांतून अर्धा कप भरून बरणीत ओता. अर्ध्या कपात साधारण ३०० माशा बसतात. वरून दोन मोठे चमचे पिठीसाखर. मिनिटभर बरणी आडवी गोल फिरवा, दोन मिनिटं सावलीत ठेवा, मग पालथी धरून पांढऱ्या ताटात जोरजोरात हलवा. ताटात थोडं पाणी घातलं की साखर विरघळते आणि तांबडे माइट तरंगतात किंवा तळाला दिसतात. मोजा, तीनने भागा, शंभर माशांमागे किती ते आलं. माशा परत पेटीत ओता. पांढऱ्या भुतांसारख्या दिसतात, पण बाकीच्या त्यांना चाटून तासाभरात साफ करतात.

दोन बारकावे. दुकानातल्या आयसिंग शुगरमध्ये स्टार्च असतो, म्हणून साखर घरी मिक्सरला फिरवा. आणि दमट दिवशी करू नका, साखरेचे गोळे होतात आणि माइट त्यात अडकून आकडा खोटा येतो.

सातेरीची माशी लहान असते, अर्ध्या कपात जास्त मावतात, म्हणून हा हिशेब तिथे चालत नाही. तिथे नरांची २०-२५ बंद घरं चिमट्याने उघडून पिल्लं बाहेर काढून पाहा.

८. किती माइट निघाले की घाबरायचं?

मेलिफेरात शंभर माशांमागे ३, म्हणजे ३०० च्या नमुन्यात ९. त्या पुढे इलाज करा. १ असेल तर महिन्याने पुन्हा मोजा. शून्य आलं तरी एकाच पेटीवर विसंबू नका, कोपऱ्यातल्या आणि वाऱ्याच्या बाजूच्या पेट्याही तपासा, कारण भरकटलेल्या माशा तिथेच जास्त शिरतात. मे महिन्यात मात्र मी २ वरच हात घालतो, पुढे चार महिने पेटी उघडायची सोय नसते.

९. पेटीसमोर पंख चुरगळलेल्या माशा रांगताहेत. माइटच ना?

पंख कसे आहेत ते नीट पाहा. जन्मतःच आखूड, सुरकुतलेले, चुरगळलेल्या कागदासारखे असतील आणि पोटही आखूड असेल तर तो विकृत पंखांचा विषाणू. मेलिफेरात याचा अर्थ जवळजवळ नेहमी व्हरोआ वाढला असा होतो. त्याच दिवशी मोजा.

पंख पूर्ण आहेत पण चारही वेगवेगळे, इंग्रजी के अक्षरासारखे फाकलेले, आणि माशी गवताच्या पात्यावर चढून पडते, तर प्रश्न १६. पंख ठीक, पण शेकड्यांनी माशा एकाच दिवशी जीभ बाहेर काढून दारात मेल्या असतील तर परजीवी सोडा, आजूबाजूला कोणी डाळिंबावर किंवा कांद्याच्या फुलावर काय फवारलं ते विचारा. परजीवी एका दिवसात मारत नाही.

१०. व्हरोआपेक्षा बारीक, लांबट माइट चौकटीवर तुरुतुरु पळताना दिसला. हा कोणता?

ट्रोपिलेलॅप्स. लांबी सुमारे १ मिलिमीटर, रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास. व्हरोआ खेकड्यासारखा संथ, हा मुंगीसारखा चपळ. पोळ्यावर उजेड पडला की एका घरातून दुसऱ्या घरात पळतो. मेलिफेरावर मला तरी हाच जास्त घातक वाटतो, कारण याची पिढी आठवड्याभरात पुरी होते.

हा मूळचा आग्या माशीचा. १९६१ मध्ये फिलिपिन्समधून त्याचं वर्णन झालं आणि नाव पडलं क्लॅरी. २००७ मध्ये अँडरसन आणि मॉर्गन यांनी निराळी काढलेली मर्सिडीसी ही जात आशियाच्या मुख्य भूमीवर सर्वत्र पसरलेली आहे.

लक्षणं : पिल्लांच्या पट्ट्यात विस्कटलेली भोकं, कुरतडलेली झाकणं, आखूड पोटाच्या माशा, तळपाटावर मेलेली पिल्लं. आणि इथे एक फसगत आहे. प्रश्न ७ ची साखरेची बरणी या माइटला नीट पकडत नाही. तो प्रौढ माशीच्या अंगावर फार वेळ थांबत नाही, पिल्लांच्या घरातच राहतो. त्यासाठी माशा झटकून पिल्लांची चौकट पांढऱ्या ताटावर आडवी धरा आणि लाकडावर हाताने दोन-तीन धक्के द्या. पळणारे ठिपके ताटात दिसतील.

त्याचं मर्मही तिथेच आहे. त्याच्या तोंडाने प्रौढ माशीचं कवच भेदलं जात नाही, पिल्लं मिळाली नाहीत तर तो दोन-तीन दिवसांत उपाशी मरतो.

११. आमच्या पाण्याच्या टाकीवर आग्या मोहोळं आहेत. जाळून टाकली तर ट्रोपिलेलॅप्स थांबेल का?

थांबणार नाही आणि जाळूही नका. आग्या फुलोरा संपला की पोळं सोडून दूर जाते. पिल्लं नसलेल्या त्या प्रवासात तिच्यावरचे माइट आपोआप गळतात, म्हणूनच ती टिकून आहे. तुमच्या मेलिफेराला लागण झाली असेल तर आता ती तुमच्या पेट्यांतच फिरते आहे, एका पेटीची पिल्लांची चौकट दुसरीत घातल्यामुळे. ते बंद करा.

१२. सरळ सांगा, औषध कोणतं टाकू?

सरळ उत्तर असं : आधी मोजा, मग पेटीत बंद पिल्लं किती आहेत ते पाहा, मग ठरवा.

फॉर्मिक अॅसिडची वाफ झाकणाच्या आत जाते, म्हणून पिल्लं असतानाही चालतं. तांबड्या मुंगीच्या चाव्यात असतं तेच हे. पण दुपारचं तापमान ३० अंशांच्या वर जात असेल तर नको. ऑक्झॅलिक अॅसिड झाकणातून आत जात नाही, म्हणून ते फक्त पिल्लं नसताना कामाचं. थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल. काम संथ करतं, उन्हाळ्यात जास्त उडतं आणि मधाला वास लावतं. फ्लुव्हॅलिनेट किंवा फ्लुमेथ्रिनच्या पट्ट्या सोप्या, पण एकच पट्टी वर्षानुवर्षं वापरली की माइट तिला जुमानत नाहीत. जगभर हा अनुभव आला आहे. पट्टी वापरायचीच तर पाळी बदला आणि लेबलवर लिहिलेल्या दिवशी काढा. विसरून पेटीत राहिलेली पट्टी हीच माइटची शाळा.

मात्रा मी इथे लिहीत नाही. अॅसिड ८५ टक्क्यांचं आहे की ६५, पेटी आठ चौकटींची की दहा, यावर ती बदलते. लेबल पाहा किंवा प्रश्न २० मधल्या ठिकाणी विचारा. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. पातळ करायचं तर अॅसिड पाण्यात ओता, पाणी अॅसिडमध्ये कधीच नको.

माझी चूकही सांगतो. एका वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला सकाळी चांगला गारवा होता म्हणून फॉर्मिकच्या बाटल्या ठेवून मी गावात लग्नाला गेलो. दुपारी पारा ३५ ला टेकला. संध्याकाळी येऊन पाहतो तर माशा दाराबाहेर दाढीसारख्या लोंबत होत्या. दोन पेट्यांतल्या राण्या गेल्या. माइट मात्र व्यवस्थित मेले होते.

१३. औषध नकोच असेल तर? गंधक, हळद, कडुलिंबाचं तेल चालतं का?

गंधकाची बारीक भुकटी चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर भुरभुरणं हा उत्तर भारतातला जुना रिवाज आहे, मुख्यतः ट्रोपिलेलॅप्ससाठी. थोडा उपयोग होतो. हात सैल सोडला की पिल्लं मरतात, आणि वर मधाची कोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) असताना ते करूच नये. तेलाचं म्हणाल तर माशा बरबटतात आणि श्वास कोंडतो. हळदीने पेटी पिवळी होते.

खरा बिनऔषधी उपाय म्हणजे पिल्लांत खंड पाडणं. राणीला पिंजऱ्यात ठेवा. मेलिफेराची कामकरी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर पडते, नर २४ दिवसांत. म्हणजे २४ दिवसांनी पेटीत एकही बंद घर उरत नाही आणि सगळे व्हरोआ उघड्यावर येतात. त्या दिवशी ऑक्झॅलिक दिलं तर त्याचं खरं बळ दिसतं. ट्रोपिलेलॅप्सला औषधही लागत नाही, शेवटचं पिल्लू बाहेर पडल्यावर तीन-चार दिवसांत खेळ संपतो. फुलोरा संपल्यावर, मे महिन्यात हे केलं तर मधाचं नुकसानही होत नाही.

दुसरी युक्ती नराची चौकट. पेटीत एक कोरी, मेणपत्रा (पोळ्याच्या पायासाठीचा मेणाचा तयार पत्रा) नसलेली चौकट द्या. माशा तिथे नराची घरं बांधतात, माइट तिकडे धावतात. घरं बंद झाली की कापून कोंबड्यांना टाका. पण तारीख विसरलात आणि नर बाहेर पडले, तर तुम्ही स्वतःच्या हाताने माइटची पैदास केली असं समजा.

१४. सातेरीच्या अळ्या घरात उताण्या पडून पिशवीसारख्या फुगल्यात, डोकं वर टोकदार. कोणता माइट?

माइट नाही. हा थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग. चिमट्याने अळी उचलली तर पाण्याने भरलेली पिशवी अख्खी वर येते, फुटली की पाणी सांडतं. वास येत नाही. १९९१-९२ मध्ये या रोगाने केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या वसाहती बहुतांश साफ केल्या. सातेरी पाळणाऱ्याने घाबरायचं ते याला.

औषध नाही. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, उगाच मधात उतरतात. राणी कोंडून पिल्लांत खंड पाडा, वसाहत आटोपशीर करा, साखरपाणी द्या, आणि आजारी पेटीत घातलेला हात धुतल्याशिवाय दुसरीत घालू नका. रोगातून वाचलेल्या पेटीच्या राण्या जपा, पुढची पैदास त्यांच्यापासूनच करा.

१५. पेटीच्या दर्शनी भागावर पिवळे-तपकिरी शिंतोडे आहेत. नोसेमा झाला का?

कदाचित, पण डाग हा पुरावा नव्हे. चार दिवस पाऊस लागून राहिला तरी माशा दारातच घाण करतात. उलट नोसेमा सेरानी, जी जात १९९६ मध्ये बीजिंगच्या आशियाई माशीतून नोंदवली गेली आणि पुढे मेलिफेरात जगभर पसरली, ती बहुतेक वेळा डाग पाडतच नाही. पेटी नुसती रोडावत जाते. (नव्या वर्गीकरणात या कुळाला व्हेरिमॉर्फा म्हणतात, पण नोसेमा म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.)

घरचा अंदाज असा : ताजी मेलेली माशी घ्या, पोटाचं शेवटचं टोक चिमट्यात धरून हळूच ओढा, आतडं बाहेर येतं. निरोगी असेल तर तपकिरी, वळ्या स्पष्ट. नोसेमा एपिस असेल तर फुगीर आणि दुधट. सेरानीत हा फरक कळेलच असं नाही, तिथे सूक्ष्मदर्शकच हवा. जुनी काळी पोळी दरवर्षी थोडी थोडी बदलणं आणि पाणवठा स्वच्छ ठेवणं हा अर्धा इलाज आहे.

१६. श्वासनलिकेत राहणारा माइट आपल्याकडे आहे का?

आहे. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकातली. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसाहती मेल्या, त्या शोधात १९२१ मध्ये हा सापडला, जरी त्या मरीला एकटा तोच जबाबदार नव्हता असं आता मानतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फाकलेले पंख ही खूण, पण खात्री श्वासनलिका कापून पाहिल्यावरच. डोंगराळ, थंड भागात त्रास जास्त. कोकणात, देशावर मी यासाठी झोप घालवणार नाही.

१७. तळपाटावर शेपूट नसलेला इवला विंचू दिसला. आणि एका माशीवर फिकट माइटांची गर्दी होती. मारू का?

दोन्ही सोडून द्या. पहिला छद्मविंचू. नांग्या आहेत, डंख नाही. सातेरीच्या पेटीत तो पिढ्यानपिढ्या राहतो आणि बारीक किडे खातो. दुसरे परागावर जगणारे माइट. फुलावरून माशीच्या पाठीवर बसून येतात, तिला खात नाहीत. फिकट रंग आणि एकाच माशीवर दाटीने असणं ही त्यांची ओळख. तांबडा, आडवा आणि एकटा असेल तरच प्रश्न २ कडे या.

१८. मेणकिड्याने पोळं जाळीदार करून टाकलं. माइटमुळे का?

बऱ्याचदा तेच मूळ असतं. भरल्या पेटीत मेणकिडा टिकत नाही, माशा अळ्या हाकलतात. माशा घटल्या, चौकटी उघड्या पडल्या की तो शिरतो. तेव्हा नुसता मेणकिडा साफ करून पेटी बंद करू नका, माशा का घटल्या ते आधी पाहा. रिकाम्या चौकटी पेटीत ठेवूच नका.

१९. अशा पेटीतला मध खाल्ला तर अपाय होतो का? आणि नवीन पेट्या घेताना काय बघायचं?

व्हरोआ, ट्रोपिलेलॅप्स, नोसेमा यातलं काहीही माणसाला लागत नाही. अपाय झालाच तर इलाजाचा : मधाची कोठी वर असताना टांगलेल्या पट्ट्या, भुकटी, प्रतिजैविकं. म्हणून औषधाच्या काळातली कोठी माणसांसाठी काढू नका.

खरेदीचं म्हणाल तर एकदा मी भरल्या, देखण्या, आठ-आठ चौकटींच्या मेलिफेरा पेट्या संध्याकाळी टेम्पोतून उतरवून घेतल्या, न तपासता. आठवड्याने मोजलं तर शंभरामागे ११. विकणाऱ्याने हात वर केले आणि माझ्या जुन्या पेट्यांतही माइट गेले. तेव्हापासून बरणी सोबत नेतो. विकणारा मोजू देत नसेल तर तेच उत्तर. आणलेल्या पेट्या महिनाभर वेगळ्या ठेवा. राजस्थानात मोहरीवर नेऊन आणलेल्या स्वतःच्या पेट्यांनाही हाच नियम, कारण तिथे शेकडो पेट्या शेजारी शेजारी असतात. ऑस्ट्रेलियाने २०२२ पर्यंत व्हरोआला बाहेर ठेवलं होतं. जूनमध्ये न्यूकॅसल बंदरात तो सापडला, हजारो पेट्या मारल्या, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा नाद सोडावा लागला. आपण तर पेट्या ट्रकने फिरवतो.

आणि इलाज करायचा तर वाडीतल्या सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी करा. एक राहिली की दुबळी होते, शेजारच्या माशा तिचा मध लुटायला जातात आणि मधाबरोबर माइटही घरी आणतात.

२०. खात्री करायची आहे. नमुना कुठे आणि कसा पाठवू?

पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था (स्थापना १९६२), महाबळेश्वरचं मध संचालनालय, किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग. आधी फोन करून नमुना घेतात का ते विचारा.

माइटसाठी माशा झाकणाच्या बाटलीत, ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून. पिल्लांच्या रोगासाठी तळहाताएवढा पोळ्याचा तुकडा, मध नसलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, दोन दिवसांत बुरशी येते आणि उघडणाऱ्याला फक्त बुरशीच दिसते. सोबत चिठ्ठी : सातेरी की मेलिफेरा, गाव, चौकटी किती, शेवटचं औषध कोणतं आणि कधी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, अल्कोहोल सांडलं की पेनची शाई धुऊन जाते.